आधी माप, मंग कैची

जैतुनआपाला आकडे वाचता येत नव्हते. बत्तीस काय नि बावन्न काय, तिच्या लेखी दोन्ही सारखेच किडे. तरीही धामणगाव बढ्यातल्या निम्म्या बायांची मापं तिच्या दुकानाच्या भिंतीवर टांगलेली असायची. मांजरपाटाच्या किनारीची एकेक लांब पट्टी आणि त्या पट्टीवर टाचलेल्या रंगीत दोऱ्याच्या गाठी. लाल गाठ छातीची, हिरवी दंडाची, काळी पोटाच्या घेराची. पट्टीवर कुणाचं नाव नाही, खूण नाही. पण आपा डोळे रस्त्यावर ठेवून नुसतं बोट फिरवायची आणि सांगायची, "हे कुंभाराची सुशीला. तिसऱ्या बाळंतपणानं सुटली, मंग मापात आलीच नाई."

लग्न होऊन आठवडा झाला तेव्हा सासूबाई मला तिच्याकडे घेऊन गेल्या. मी अजून दुसऱ्या पायरीवरच होते, तर मशीनवरून न उठता आपा म्हणाली, "लय वाळकी आणली वं सून. मंगळसूत्र हलकं घाला, नाई तं वाकंल." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राग मला पटकन येतो, आजही येतो. आमचे हे म्हणतात, घरात कुकरच्या आधी तुझी शिट्टी होते. मी बारावी झालेली, तोऱ्यात विचारलं, "तुमच्याकडं टेप नाई का?"

"हाये ना," आपानं गळ्यातला पिवळा टेप दाखवला. "यूनुसनं आणून देल्ला. गळ्यात नाई घातला तं लोकाइले मी टेलर वाटत नाई." यूनुस म्हणजे तिचा मुलगा. मग तिनं माझ्या अंगावरून किनारीची कोरी पट्टी फिरवली, तीन ठिकाणी सुई मारली, तीन गाठी घातल्या आणि पट्टी खिळ्याला अडकवली. "आकडा माणूस इसरते, बाई. गाठ इसरत नाई."

माप बदललं की ती नवी गाठ घालायची, पण जुनी तोडायची नाही. मी एकदा कारण विचारलं. म्हणाली, "कुठून कुठं आली ते समजलं पाह्यजे ना? जुनी तोडली का मंग मांगचा रस्ताच मोडला." आणि कापड कापण्याआधी, ते कापड कितीही साधं असो, पुटपुटायची, "आधी माप, मंग कैची. कैची चालली का मंग अल्लामिया बी कापड जोडून देत नाई."

ती वर्षं नव्या बियाण्याची होती. बीटीची सरकी आली आणि पहिली दोन-तीन वर्षं पऱ्हाटीनं भरभरून कापूस दिला. आमच्या घरावर स्लॅब पडला, दारात मोटारसायकल आली, टीव्ही आला. आणि सून वावरातून घरात आली. "आमची सून वावरात जात नाई," हे वाक्य सासूबाई किराणा दुकानापासून देवळापर्यंत सगळीकडे सांगत. माझं माहेर वरवट बकालचं. लहानपणापासून मी निंदण-वेचणीत वाढलेली, दिवसभर पायावर असणारी. आता खुर्चीत बसून मी शेंगा सोलत होते. अंग भरलं, तसं सगळ्यांनी कौतुक केलं. खात्यापित्या घरची दिसते म्हणाले. आपाच्या पट्टीवर माझ्या गाठी एकेक बोटानं बाहेर सरकत गेल्या, आणि आपाही हसून म्हणायची, "आता कशी सून दिसून राह्यली!"

पायाला झालेलं गळू बरं होईना म्हणून दवाखान्यात गेले, तर रक्तात साखर निघाली. वय सव्वीस. माझ्या वडिलांनाही होती, पण त्यांना पन्नाशीनंतर. शुगर म्हणजे म्हाताऱ्यांचं दुखणं असं आमच्या डोक्यात बसलेलं. आठवली की गोळी घ्यायची, नाही आठवली तर नाही. त्यातच मला दिवस गेले आणि घरात दिवाळी झाली.

सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले, तुपातला शिरा केला, दोन जिवांची आहे म्हणून ताटात सगळं दुप्पट. मी आपाकडून गाऊन शिवून घेतला. सहावा संपता संपता तो पोटावर घट्ट झाला, तिनं सैल करून दिला. पंधरा दिवसांनी पुन्हा. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी काळी गाठ घालताना तिनं माझ्या पोटावर हात ठेवला आणि खदखदून हसली. "पैलवान हाये वं आत! मशीनले दम खाऊ देत नाई तुह्यं पोट्टं."

आठव्या महिन्यात एका दुपारी ते हलायचं थांबलं. मलकापूरच्या दवाखान्यात नेलं तोवर सगळं संपलेलं होतं. मुलगा होता. आठव्या महिन्यातला, पण पुऱ्या दिवसांच्या बाळाहून थोराड. आमच्या यांनी त्याला फडक्यात घेतलं आणि फडक्याची टोकं पुन्हा पुन्हा नीट करत राहिले. त्या दिवसाबद्दल मी याहून जास्त लिहू शकत नाही.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला जायच्या आधी समोर बसवलं. म्हणाल्या, "आईच्या रक्तातली जास्तीची साखर बाळाकडे जाते. बाळ फुगतं, भोवतीचं पाणी वाढतं, पण आतून ते दमतं. शुगर आहे आणि वजनही आधीपासून जास्त आहे, म्हणजे धोका आणखी वाढतो. बाळाचाही आणि तुमचाही. बाळ होणार नाही असं मी म्हणत नाही. होईल. पण पुढच्या वेळी आधी साखर आणि वजन खाली आणायचं, मला दाखवायचं आणि मगच दिवस राहू द्यायचे. दिवस गेल्यावर वजन उतरवायला बसायचं नसतं, तेव्हा उशीर झालेला असतो." मी मान हलवली. शब्द कानात शिरले, पण अर्थ शिरायला महिने लागले.

दीड महिन्यानं मी आपाकडे गेले. दूध आटलं होतं पण अंग उतरलं नव्हतं, आणि ब्लाऊज दंडात रुतत होते. चार ब्लाऊज तिच्यापुढे टाकून म्हटलं, "सैल करून द्या." तिनं काय झालं, कसं झालं विचारलं. मी डॉक्टरीणबाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आपानं मशीन थांबवलं. उठून माझी पट्टी काढली आणि मांडीवर घेऊन त्या तीन काळ्या गाठींवर बोट फिरवत राहिली. पंधरा-पंधरा दिवसांच्या गाठी, आणि प्रत्येकीत चार बोटांचं अंतर.

"मले दिसलं व्हतं," ती म्हणाली. "तीस वरसात एवढ्या भराभर कोनाचीच गाठ नाई पळाली. मले दिसलं, नि म्या पैलवान म्हनलं. हासली मी वं. हासली." तिचे डोळे वाहायला लागले. मग तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि माझे चारही ब्लाऊज परत माझ्या हातात दिले. "हे मी सैल करनार नाई. आत घ्याचे असन तवा ये."

झालं! एक तर मी दुःखात, त्यात हे. "मी शिवाले येतो इथं, शहानपन आयकाले नाई," असं भर रस्त्यावर ऐकू जाईल असं बोलून मी पायऱ्या उतरले. पुढचे सहा महिने बाजारातल्या दुसऱ्या टेलरकडून शिवून घेतलं. त्याला आकडे उत्तम येत होते. मागेल तेवढं सैल करून द्यायचा, आणि एक शब्द बोलायचा नाही. खरं सांगते, त्या न बोलण्याचीच मला पुढे भीती वाटायला लागली.

दरम्यान आमच्या घरी वेगळाच उपाय चालला होता. सासूबाईंनी माझ्याकडून मुलासाठी सोळा सोमवार धरवले होते. मनापासून, अगदी श्रद्धेनं. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी रताळ्याचा कीस, मध्ये शिंगाड्याची लापशी, केळी, संध्याकाळी भगर. नवव्या सोमवारनंतर रक्त तपासलं तर साखर बाळंतपणाच्या वेळेहूनही वर! कंपाउंडरनं कागद दोनदा पाहिला. त्या दिवशी बसमधून उतरून मी घरी न जाता सरळ आपाच्या पायऱ्या चढले. माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "बस. चहा घेशील? बिनसाखरेचा भेटंल."

दुसऱ्या दिवशी ती आमच्या घरी आली. गावात एवढी वर्षं राहून ती गिऱ्हाइकाच्या घरी कधी गेली नव्हती. ओट्यावर सासूबाईंशेजारी बसली आणि सोमवारचं सगळं खाणं बारकाईनं विचारून घेतलं. मग कपाळावर हात मारला. "या अल्ला! आमी रोजात थुका बी गिळत नाई, नि तुमी उपास करून पाच डाव जेवता?"

सासूबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आमच्या देवाचं आमाले शिकवू नको जैतुन."

"देवाचं नाई शिकवत. मले एक सांग, खिचडी देवाले आवडते का तुले?"

सासूबाईंनी पदर सावरला. मग हळूच म्हणाल्या, "मले." आणि दोघीही हसायला लागल्या. हसता हसता सासूबाई रडायला लागल्या, कारण तो नातू त्यांचाही गेला होता, आणि घरात कुणी त्यांना विचारलंच नव्हतं. माझ्या ताटात लाडू वाढताना त्यांनी काय काय मनात धरलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

"मंग नवस मोडू का आता?" त्यांनी विचारलं.

"मोडू नोको. वाढव," आपा म्हणाली. "आवडीचं सोडलं का देव जल्दी आयकते म्हनता ना तुमी? मंग पोट्टं होइस्तोवर साबुदाना सोड. आधी माप, मंग कैची. आधी इचं आंग नि साखर मापात येऊ दे."

सासूबाईंनी साबुदाणा सोडला. माझे उरलेले सात सोमवारही स्वतःवर घेतले. "तू गोळ्या खाऊन उपाशी राहू नको, तुह्ये सोमवार मी धरतो," म्हणाल्या. नवस असा एका अंगावरून दुसऱ्या अंगावर नेता येतो की नाही, हे मी कुठल्याच शास्त्रात वाचलेलं नाही. पण त्यांनी तो नेला.

त्या वर्षी पावसानं मोठी उघाडी दिली. पऱ्हाटीवर लाल्या आला, पानं जळाल्यासारखी लाल झाली, बोंडं लहानच राहिली. ज्या बीटीनं स्लॅब टाकला, तिनंच गावाचं तोंड उतरवलं. वेचणीला मजूर लावण्याजोगं पीक नव्हतंच. आपाकडेही लग्नाचं शिवण येईना, जुनंच आत घ्यायला येऊ लागलं. एका दुपारी तिच्या मांडीवर दहा-बारा पट्ट्या पडलेल्या होत्या आणि सगळ्यांवर आतल्या बाजूला नवी गाठ. मी म्हटलं, "आपा, यांच्या तं गाठी आपोआपच आत आल्या." ती रागावली. माझ्यावर ती खरी रागावली असेल तर तेवढी एकदाच. "हे बाया उपाशी हायेत. गाठ आत आली का मी खूश व्हत नाई. काऊन आली ते पाहा लागते. वाढली तरी पाहा, घटली तरी पाहा. एक डाव नाई पाह्यलं म्या."

मजूर नाही म्हटल्यावर मी वावरात जायचं ठरवलं. सासूबाईंचा चेहरा पडला. एवढी वर्षं मिरवलेलं वाक्य गिळायचं म्हणजे सोपं नव्हतं. पण आपानं जुन्या धोतराचं, कमरेला बांधून कापूस वेचायचं फडकं शिवून पाठवलं आणि निरोप दिला, "सुनेले सांगा, माप घेऊन शिवलं हाये, वाया जाऊ देऊ नोको." पहिल्या दिवशी चार ओळींतच मला धाप लागली. बांधावरची एक बाई म्हणाली, "बीटीवाल्याची सून आली वं परत मातीत!" मी तिला जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. महिन्याभरात मी पूर्ण वावर वेचू लागले. वेचणी संपली तरी रोज सकाळी वावरापर्यंत जाऊन यायचं सुरूच ठेवलं. ताटात ज्वारीची भाकरी, वरण, भाजी. भूक मारायची नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. भात मूठभर, लाडू नावालाही नाही, गोळी घड्याळ लावून.

दर महिन्याला आपा माप घेई. काळी गाठ एक बोट आत, मग अर्धं बोट, मग दोन महिने जिथल्या तिथं. मी वैतागून पट्टी भिरकावली. तिनं ती उचलून झटकली. "कापूस एका दिवसात फुटते का? रोज जाऊन पाहाते म्हनून फुटत नाई, बाई." वर्ष सरताना आठ किलो उतरले. मी काही पुन्हा ती वाळकी नवरी झाले नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तेवढं नकोच आहे. एवढ्यानंही खूप फरक पडतो." तीन महिन्यांची साखर दाखवणारी तपासणी दोनदा चांगली आली, तेव्हा त्यांनी जुन्या गोळ्या बदलून इन्सुलिन सुरू केलं, फॉलिकच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "आता हरकत नाही." मी बसमधून उतरून धावत आपाकडे गेले. ऐकून ती फक्त म्हणाली, "घे. आता चालव कैची."

त्यानंतर पाचव्या महिन्यात मला दिवस राहिले. या खेपेला आपा दर पंधरा दिवसांनी घेर मोजायची, ओठ घट्ट मिटून. हसणं नाही, पैलवान नाही. गाठी सावकाश, सारख्या अंतरानं बाहेर चालल्या होत्या. सातव्या महिन्यात एकदा तिनं पट्टी लावली, काढली, पुन्हा लावली. गाठ तीन बोटं पुढे पडत होती. तिनं मशीनवर कापड टाकलं, दुकानाचं दार ओढलं आणि म्हणाली, "चाल मलकापूरले. आत्ताच्या आत्ता." यांना यायला वेळ लागणार होता म्हणून काळीपिवळी जीपमध्ये आम्ही दोघीच बसलो. रस्ताभर तिनं माझा हात इतका आवळून धरला होता की बांगडी रुतली. मी देवाचं नाव घेत होते, ती तिच्या देवाचं. सोनोग्राफीच्या खोलीतून बाळाच्या छातीचे ठोके बाहेर ऐकू आले, तेव्हा ती बाकावरून उठली आणि दाराला कान लावून उभी राहिली, असं नंतर नर्सनं सांगितलं.

बाळ नीट होतं. साखर थोडी चढली होती. "वेळेवर आलात," असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन वाढवलं. मग विचारलं, "कुणाच्या लक्षात आलं?" मी आपाकडे बोट दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी ती पट्टी मागून घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "मला शिकवाल का हे?" आपा लाजली. तिला लाजलेलं मी तेव्हाच पाहिलं.

दिवस भरत आल्यावर सिझर झालं. मुलगी. तीन किलोला जराशी कमी, आणि दवाखाना डोक्यावर घेईल अशी रडणारी. तिच्याही रक्तातली साखर दोन दिवस तपासली, ती नीट राहिली. सासूबाईंनी आधी नातीचं तोंड पाहिलं आणि मग यांना म्हणाल्या, "गजानना, घरी जातानी साबुदाना घेऊन चाल." खिचडी त्यांनी खाल्ली. मला वाढली नाही.

वैष्णवी आता पंधरा वर्षांची आहे. मी अंगणवाडीत सेविका आहे, आणि नव्या सुनांना वजनकाट्यावर उभं करताना शुगरबद्दल, आधीच्या बाळंतपणाबद्दल खोदून विचारते. एखादी म्हणते, "बाई, अजून तं दिवसच नाई गेले, आत्तापासून कायले?" तिला मी बसवून घेते. तिनं तोंड वाकडं केलं तरी सोडत नाही.

मागच्या हिवाळ्यात आपा थकली. डोळे तर त्याआधीच गेले होते. मी वैष्णवीला घेऊन भेटायला गेले. यूनुसनं दुकान बंद केलं होतं, पण पट्ट्यांचं गाठोडं आपानं उशाशी ठेवून घेतलं होतं. त्यातून तिनं माझी पट्टी चाचपून काढली. बोट फिरत फिरत त्या तीन जुन्या काळ्या गाठींपाशी आलं आणि थांबलं. इतक्या वर्षांत माझी पट्टी हातात घेतली की ते तिथं थांबायचंच.

"आपा," मी म्हटलं, "ह्या मी सोडू का?"

"नाई. माह्यी चुकी हाये ते. राहू दे."

"तुमची नाई. कोनाचीच नाई. आपल्याले माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर तुमी एक बी गाठ चुकली नाई." आणि तिनं हो म्हणायची वाट न पाहता मी तिच्या हातातून पट्टी घेतली. दोरा जुना, पीळ घट्ट बसलेला. सुईच्या टोकानं एकेक गाठ सैल करत मी तिन्ही सोडवल्या. पट्टी परत तिच्या हातात दिली. तिचं बोट त्या जागेपर्यंत आलं, कापडावरच्या नुसत्या भोकांवरून फिरलं, मागे गेलं, पुन्हा आलं. डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर उतरलं.

"मांगचा रस्ता मोडला तूनं," ती म्हणाली, आणि कितीतरी वर्षांनी तशी खदखदून हसली. "बरं झालं. जागा झाली. पोट्टी कुठी हाये? उभी राह्य वं माह्यासमोर."

वैष्णवी उभी राहिली. आपानं चाचपत तिच्या कमरेभोवती माझीच पट्टी गुंडाळली आणि जिथं टोक जुळलं तिथं अंगठा दाबून धरला. सुई ओवणं तिला आता जमत नव्हतं. "तूच मार गाठ," तिनं वैष्णवीला सांगितलं. "नि दर साली पाह्यत जा. तुह्या मायले शुगर हाये, आज्याले व्हती. घाबरू नोको, फक्त पाह्यत जा."

चार दिवसांनी आपा गेली. ती पट्टी आमच्या घरात कपाटाच्या खिळ्याला टांगली आहे. परवा वैष्णवीचा वाढदिवस झाला. ओवाळून झाल्यावर ती आपणहून उठली, पट्टी काढली आणि माझ्यापुढे येऊन हात वर करून उभी राहिली. "आई, केक नंतर काप," म्हणाली. "आधी माप."